न मोडलेला किल्ला

त्र्यंबक नेर्लेकरला भुताची भीती वाटत नसे. सापाची वाटे, पण ती सगळ्यांनाच वाटते. साहेबांची वाटे, तीही तो नोकरी करायचा त्या जमीनमोजणीच्या ऑफिसात सगळ्यांनाच वाटायची. त्याची स्वतःची, खास अशी भीती होती ती रविवारची. सारं कोल्हापूर ज्या वाराकडं डोळे लावून बसतं, सकाळी सातलाच पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढं उभं राहतं, तो वार जवळ यायला लागला की हा पंचेचाळीस वर्षांचा, दोन पोरींचा बाप असलेला माणूस आतल्या आत आक्रसायचा. बुधवारी दुपारी जेवणाचा डबा उघडला की पोटात पहिला गोळा उठायचा. शुक्रवारी घास गिळवत नसे. रविवारी सकाळी दाढी करताना दोनदा तरी कापून घ्यायचा, आणि त्याची बायको विमला काही न बोलता तुरटीचा खडा पुढं करायची.

भ्यायचं कारण ऐकलं तर हसाल. रविवारी दुपारी तीन वाजता शिवाजी पेठेत, हंबीरराव साळोख्याच्या म्हशींच्या गोठ्यावर जो माळा होता, तिथं तीन माणसं मांडी घालून बसायची आणि त्र्यंबककडं बघायची. मारायची नाहीत, शिव्या द्यायची नाहीत. नुसती बघायची, आता पुढं काय, म्हणून. आणि त्र्यंबकला पुढचं सांगावं लागायचं.

हे सुरू झालं सासष्टच्या दिवाळीत. हंबीररावाच्या अंगणात गल्लीतल्या पोरांनी मातीचा किल्ला केला होता. दरवर्षीच करायची. तुळशीचं लग्न लागलं की उरलेले फटाके बुरुजांत कोंबून तो किल्ला उडवून द्यायचा, हाही गल्लीचा रिवाज. पोरांना किल्ला बांधण्याइतकाच, किंबहुना जास्तच, तो उडवण्यात आनंद. त्या वर्षी मात्र संध्याकाळी चार मोठी माणसं किल्ल्याभोवती उकिडवी बसली आणि उगाच वाद घालायला लागली. शत्रू या अंगानं आला तर? हंबीरराव म्हणाला, मी वरनं धोंडे सोडीन. त्र्यंबक कधी चार माणसांत तोंड न उघडणारा, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "धोंडे सोडलेस, पण खाली तुझाच जासूद चढून येतोय. त्याला लागला."

"आयला!" हंबीरराव म्हणाला. "मग?"

झालं. ते एक 'मग' त्र्यंबकच्या गळ्यात पडलं ते अकरा वर्षं. पोरं फटाके घेऊन आली तेव्हा हंबीररावानं त्यांना हाकललं. "जावा रं, लढाई चालू हाय!" तो किल्ला मोडलाच नाही. पुढं पावसात तो आपोआप विरघळला, पण तोवर त्र्यंबकनं त्याचा नकाशा करून ठेवला होता. ऑफिसात तो ट्रेसर होता. गावांचे नकाशे पारदर्शक, खळ लावलेल्या ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईनं उतरवायचे, हे त्याचं काम. त्या कापडाचा एक वाया गेलेला तुकडा त्यानं घरी आणला आणि त्यावर किल्ला काढला. नाव ठेवलं सोनकीगड. इतिहासाच्या पुस्तकात शोधायला जाऊ नका, तो नाही तिथं.

खेळाचे नियम फार नव्हते. त्र्यंबक सांगणारा. तो सांगेल ते गडावर घडलं. बाकीच्या तिघांचा गडावर एकेक माणूस. हंबीरराव गडाचा हवालदार झाला होता, कारण त्याला दुसऱ्या कुणाचा हुकूम ऐकायची सवय नव्हती. आकाराम उद्यमनगरात लेथवर काम करायचा, अंगानं काटकुळा, तो जासूद. आणि गणपतराव मास्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनी गडाचा वैद्य व्हायचं ठरवलं. सांगणारा म्हणे, पहाट झाली, खालच्या दरवाज्यावर एक बाई उभी आहे, पाठीवर गाठोडं आहे, दार उघडा म्हणते. आकाराम म्हणे, "मी तटावरनं वाकून बघतो, मागं कोण लपलंय काय." मग सहा कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर साधलं, पालथ्या जास्त तर फसलं, आणि सहाच्या सहा पालथ्या पडल्या तर तो माणूस मेला. शेवटचा नियम एवढाच, की एकदा सांगितलेलं परत घ्यायचं नाही.

पहिली पाच-सहा वर्षं त्र्यंबक सुखात होता, हे कबूल केलं पाहिजे. ऑफिसात ज्याला शिपाईसुद्धा 'ओ नेर्लेकर' म्हणून हाक मारत असे, त्याच्या एका शब्दावर माळ्यावर तीन माणसांचे श्वास अडकत. जिन्यावरून उतरताना त्याची छाती दोन इंच पुढं आलेली असे. विमला म्हणायची, "आज गड जिंकून आलात वाटतं." तिला खेळात रस नव्हता, पण नवऱ्याच्या चेहऱ्यात होता.

मग कधीतरी विहिरीचा तळ दिसायला लागला. तारीख सांगता येणार नाही, अशा गोष्टींना तारीख नसते. त्र्यंबकनं वेढे सांगून झाले, फितुरी सांगून झाली, भुयारं, दुष्काळ, हरवलेली पोरगी, चोर, जोगी, सगळं सांगून झालं. बरं, नवीन काही जोडावं तर आकारामची आठवण लेथवरच्या पात्यासारखी धारदार. "तो म्हातारा? तो तर तिसऱ्या वर्षी मेलता की. परत कुठनं आला?" मग त्र्यंबकला वही ठेवावी लागली, कोण मेला, कोण जिवंत, कुणाची सासुरवाडी कुठं. वह्या चार झाल्या. आणि गेल्या रविवारपेक्षा हा रविवार फिका पडला तर हंबीरराव जाताना नुसता "बरं हाय" म्हणायचा. ते 'बरं हाय' त्र्यंबकला आठवडाभर टोचायचं.

त्यात बहात्तरला गणपतराव मास्तरांची बायको गेली. चार दिवसांच्या तापानं. डॉक्टर बदलायला हवा होता, मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, या विचारात मास्तर आत आत बसत गेले. घरी बोलेनासे झाले. फक्त रविवारी माळ्यावर येत, वैद्याची झोळी उघडत आणि गडावरच्या आजाऱ्यांना तपासत. त्या वर्षापासून त्र्यंबकनं एक लबाडी सुरू केली. वैद्याच्या रोग्यासाठी कवड्या टाकायच्या वेळी तो स्वतः टाकी, चटकन तळहात आडवा धरी, आणि पालथ्या पडल्या असल्या तरी "चार उताण्या" म्हणून गोळा करून टाकी. पाच वर्षांत सोनकीगडावर मास्तरांच्या हाताखाली एकही रोगी दगावला नाही. ही लबाडी त्यानं कुणाला सांगितली नव्हती, विमलालाही नाही. पकडला जाईन या भीतीनं त्याच्या तळहाताला घाम यायचा आणि कवड्या हाताला चिकटायच्या.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात गोष्ट ऑफिसपर्यंत पोचली. एका गावाचा नकाशा उतरवताना त्र्यंबकनं ओढ्याच्या काठी, जिथं जोंधळ्याचं शेत होतं, तिथं एक झकास बुरूज काढला. वर निशाणसुद्धा. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "नेर्लेकर, हा काय प्रकार आहे?" ब्लेडनं शाई खरवडून काढताना त्याचे हात इतके कापत होते की कापडाला भोक पडलं आणि सगळा नकाशा पुन्हा करावा लागला. त्या दिवशी त्याला खरी भीती वाटली. डोक्यात काहीतरी निसटायला लागलंय, अशी भीती.

पुढच्या रविवारी तो पळाला. हातकणंगल्याला मामेभाऊ आजारी आहे अशी थाप मारून सकाळच्या गाडीनं गेला. मामेभाऊ तिथं होता खरा, पण ठणठणीत. त्याच्याकडं न जाता त्र्यंबक स्टेशनच्या बाकावरच बसून राहिला. वाटलं होतं, इथं सुटका होईल. पण स्टेशनच्या घड्याळात अडीच वाजले तशी जीभ कोरडी पडायला लागली. तीन वाजले आणि त्याला ते तिघं दिसायला लागले, मांडी घातलेले, रिकाम्या जागेकडं बघणारे. माळ्यावर निदान बोलून टाकता यायचं. इथं नुसतं बघत बसावं लागलं. संध्याकाळच्या गाडीनं परत आला तो जास्तच गळून.

दुसऱ्या दिवशी भाजी घेताना मास्तरांची सून श्यामला भेटली. शिक्षिका होती, मोजकं बोलणारी.

"काका, काल तुम्ही नव्हता का?"

"हातकणंगल्याला गेलो होतो. का गं?"

"मामंजी सहा वाजेपर्यंत तिथंच बसले होते म्हणे. नकाशा पुढं ठेवून. घरी आले ते न जेवता झोपले." तिनं इकडंतिकडं बघितलं. "काका, रविवार आहे म्हणून ते उठतात. शनिवारी स्वतःचं धोतर स्वतः धुतात. बाकी सहा दिवस मी भिंतीशी बोलते. तुम्ही तेवढं चुकवू नका."

त्र्यंबकनं मान हलवली. पिशवीतली वांगी त्याला एकदम जड वाटायला लागली. आतापर्यंत आपण भितो ते फजितीला, असं त्याला वाटायचं. आता त्याच्या जिभेवर एका माणसाचा जीव येऊन बसला होता. आणि जीभ तर रिकामी.

घरी येऊन त्यानं विमलाला अर्धंमुर्धं सांगितलं. श्यामलाचं नाही, कवड्यांचं नाही, नुसतं, "मला सुचत नाही आता. कंटाळा आलाय."

विमला गव्हातले खडे वेचत होती. "कंटाळा नव्हे हा. कंटाळ्यानं कुणी दाढी करताना कापून घेत नाही," ती म्हणाली. "अहो, पोरं दरवर्षी नवा किल्ला का करतात? जुना मोडतात म्हणून. तुम्ही त्या वर्षी तो मोडलाच नाही. मग अकरा वर्षं त्याला लिंपत बसायचं, दुसरं काय होणार?"

बायकोनं शहाणपणाचं सांगितलं आणि नवऱ्यानं ते उलटं घेतलं, असं घरोघरी चालतं. तिच्या म्हणण्यातलं 'सगळ्यांनी मिळून' हे त्र्यंबकच्या कानात शिरलंच नाही, कारण तिनं ते उच्चारलं नव्हतं. पोरं एकटी किल्ला मोडत नाहीत, हे कुणी वेगळं सांगतं का? त्यानं एकट्यानंच, कुणाला न सांगता, गड मोडायचा बेत केला. गडावर पटकी आणायची. माणसं पटापट जातील, गड ओस पडेल, कुणाचा दोष नाही, खेळ संपला. मास्तरांना वाईट वाटेल, पण वैद्य गड सोडून सुखरूप जाईल, तेवढं बघून घेऊ. असा हिशेब.

बेत मनात घोळवण्यातच पावसाळा गेला. दसरा झाल्यावरचा रविवार. माळ्यावर कडब्याचा वास, खाली म्हशी शेपट्यांनी माश्या वारतायत. त्र्यंबक तांब्यातून दोन घोट पाणी प्याला आणि त्यानं सांगितलं, "गडावर पटकी आली."

हंबीररावानं लगेच दरवाजे बंद करायचा हुकूम दिला. आकाराम पाणी कुठलं बाधलं ते शोधायला टाक्यांकडं गेला. दोघांनाही मजा यायला लागली, हे त्र्यंबकच्या लक्षात आलं. त्यानं मास्तरांकडं बघितलं. "वैद्यबुवा, तुम्हाला रात्रीच्या वाटेनं खाली जाता येईल. राजधानीत तुमची गरज आहे. खलिता आलाय."

मास्तर हसले. "आजारी इथं आणि वैद्य राजधानीत? मी झोपड्यांत जातो. एकेकाला बघतो."

"लागण होईल."

"होईल तर होईल. मी जातोय."

कवड्या टाकल्या. पहिला रोगी वाचला, अगदी खरोखर वाचला. दुसराही. मग त्र्यंबक म्हणाला, "आता वैद्याला स्वतःला लागण झाली की नाही ते बघायचं," आणि म्हणताना त्याला कळत होतं की हे म्हणायला नको. पण सांगितलेलं परत घेता येत नाही. त्यानं कवड्या टाकल्या आणि तळहात आडवा धरला.

सहाच्या सहा पालथ्या.

'चार उताण्या' म्हणायला जीभ उचललीच होती. पाच वर्षांची सवय. पण त्या क्षणी त्र्यंबक इतका थकलेला होता की खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. त्यानं हात बाजूला घेतला. "सगळ्या पालथ्या," तो म्हणाला.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे वैद्य गेला."

"गेला."

मास्तर उठले, चपला चाचपल्या आणि एकेक पायरी धरत खाली उतरले. त्यांचा पाय शेवटच्या पायरीवर टेकेपर्यंत त्र्यंबकला हलकं वाटलं. सुटलो, असं वाटलं. मग हंबीरराव हळूच म्हणाला, "त्र्यंबक, हे बरं न्हाय केलंस," आणि ते हलकं वाटणं गेलं ते गेलंच.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. बुधवारची वाट न बघता भीती सोमवारपासूनच मुक्कामाला आली. मास्तरांच्या घरावरून जायला लागू नये म्हणून त्र्यंबक ऑफिसला लांबच्या वाटेनं गेला. कुणी हाक मारली की दचके. वाटे, मास्तरांचीच बातमी. रविवारी तीनला तो माळ्यावर पोचला. हंबीरराव होता, आकाराम होता. मास्तरांची जागा रिकामी. सव्वातीन. साडेतीन. अकरा वर्षांत मास्तर एकदाही उशिरा आले नव्हते.

खालून बाईमाणसाचा आवाज आला. श्यामला अंगणात उभी होती, पदर खांद्यावरून घसरलेला, त्याचं तिला भान नव्हतं. "मामंजी इथं आलेत?"

"न्हाईत. का?"

"सकाळी दहाला बाहेर पडले. जेवायला आले नाहीत. शेजारच्यांनी कळंब्याच्या बसमध्ये चढताना बघितलं." तिनं मूठ उघडली, आत मास्तरांचा चष्मा होता. "चष्मा घरी ठेवून गेलेत. घड्याळही. दोन्ही देवापुढं ठेवलेलं होतं."

कळंब्याला तलाव आहे. आणि माणूस चष्मा, घड्याळ देवापुढं ठेवून तलावाकडं का जातो, हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. हंबीररावासारखा आडदांड गडी, त्याच्याही तोंडाचं पाणी पळालं. त्यानं सायकल काढली. "बस मागं!" आकाराम दुसऱ्या सायकलीसाठी धावला.

त्या वाटेत त्र्यंबकनं काय काय नवस बोलले असतील. हंबीरराव धापा टाकत पेडल मारतोय, मागं कॅरिअरवर त्र्यंबक त्याचा सदरा घट्ट धरून. मी मारलं. मी तोंडानं सांगितलं आणि मारलं. एक आकडा, एक खोटा आकडा बोललो असतो तर म्हातारा आज गोठ्यावर बसला असता. एरवी इतकं खोटं बोललास, आणि त्याच दिवशी तुला खरं सुचलं?

बांधावर चढल्यावर आधी काहीच दिसलं नाही. ऊन पाण्यावर चमकत होतं. मग हंबीररावानं बोट केलं. लांब, काठापासून आत, पाठमोरा एक माणूस. धोतर वर खोचलेलं. पाणी मांड्यांपर्यंत. तो एक पाऊल पुढं गेला. थांबला. आणि खाली वाकला.

जन्मात कधी आवाज न चढवलेला त्र्यंबक नेर्लेकर त्या बांधावरून असा ओरडला की पलीकडं धुणं धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

"मास्तर! वैद्य मेला नाही! मी चुकीच्या मोजल्या! दोन उताण्या होत्या, मास्तर, दोन होत्या!"

तो ओरडत, घसरत, चपला टाकून पाण्यात शिरला. म्हातारा ताठ उभा राहिला आणि वळला. दोन्ही हातांत कोपरापर्यंत काळाभोर गाळ होता.

"खोटं बोलू नकोस," गणपतराव मास्तर म्हणाले. "सहाच्या सहा पालथ्या होत्या. मी बघितल्या."

त्र्यंबक जागच्या जागी थांबला.

"आणि त्याआधीच्या पाच वर्षांच्याही बघितल्या. शाळेत चाळीस वर्षं पोरांच्या पाटीवरची उत्तरं आडव्या हाताखालून वाचलीत मी."

काठावर एक पोतं होतं, गाळानं अर्धं भरलेलं. त्र्यंबकनं ते आता बघितलं. मास्तर काठाशी आले आणि त्यांनी हातातला गाळ पोत्यात टाकला. "किल्ल्याला इथला गाळ चांगला. चिरत नाही. दिवाळी दहा दिवसांवर आलीय. चष्मा, घड्याळ पाण्यात पडू नये म्हणून देवापुढं ठेवून आलो, त्यात किती वाजले ते कळलं नाही. तुम्ही लोक असे का बघताय?"

हंबीरराव बांधावर मटकन बसला आणि त्यानं एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला उद्देशून, ते त्यालाच ठाऊक. मागून आकाराम सायकल टाकून धावत आला, त्याला आधी काही कळलं नाही, मग कळलं, मग तो ढसाढसा रडायला लागला.

त्र्यंबक अजून पाण्यातच होता. "मास्तर, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं. ओरडलास तेव्हाच कळलं." मास्तर त्याच्याजवळ आले. "पहिले दोन दिवस मला वाईट वाटलं. मग बरं वाटायला लागलं. वैद्य आजाऱ्यांत गेला आणि आजाऱ्यांत मेला, त्यानं काही चुकवलं नाही. पाच वर्षं तू मला एक रोगी मरू दिला नाहीस. तुझ्या मनात चांगलं होतं. पण त्यानं मला वाटायचं, गडावर सगळे वाचतात, मग घरचीच तेवढी का गेली? त्या दिवशी कळलं, वैद्य असला तरी माणसं जातात." त्यांनी गाळाचे हात पाण्यात खळबळून धुतले. "मला तुझी काळजी वाटत होती. तुझा चेहरा बघवत नव्हता."

आणि मग त्र्यंबकच्या तोंडून ते निघालं. "मला भीती वाटते, मास्तर. रविवारची. तुमची. तुम्ही बघता ना, त्याची. मला काही सुचत नाही. तीन वर्षं झाली."

"आमास्नी म्हाईत हाय," बांधावरून हंबीरराव म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तांब्या. पाणी पिताना तुझा तांब्या कापतोय, दाताला लागून वाजतोय. तीन वर्सं बघालोय. आकारामनं पयल्यांदा बघिटलं."

"मग बोलला का नाहीत?"

हंबीररावानं मान खाली घातली. "भ्यालोतो की. विचारलं असतं आनि तू म्हनला असतास, व्हय, बंद करूया, मग? रविवारी आमी कुठं जायाचं?"

म्हणजे सांगणारा भीत होता, आणि ऐकणारे भीत होते, आणि चौघंही भीत भीत, एकमेकांना सांभाळत, दर रविवारी तीनला वेळेवर जमत होते. शहाण्या माणसांनी असं तीन वर्षं काढावं, याला काय म्हणायचं? त्र्यंबकला हसू आलं आणि त्यातच रडूही.

चौघांनी मिळून ते पोतं बांधावर ओढलं. परतताना आकारामनं श्यामलाला आधी निरोप पोचवायला सायकल पुढं दामटली.

त्या आठवड्यात सोनकीगड मोडला. मातीचा नव्हता, तेव्हा फटाके चालणार नव्हते. विमलानं ते काम केलं. ट्रेसिंग क्लॉथची खळ धुऊन काढली की आतून मऊ, झिरझिरीत, तलम कापड निघतं, हे मोजणीच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या बायकांना ठाऊक असतं. दोन्ही पोरींची पहिली झबली तिनं तसल्याच कापडाची शिवली होती. तिनं बादलीत पाणी घेतलं. चौघं परसात उभे राहिले. एकेकानं नकाशाचा एकेक कोपरा धरला आणि पाण्यात सोडला. हंबीरराव म्हणाला, "चिंचदरवाजा गेला बघ." आकाराम म्हणाला, "माझी चोरवाट." पाणी काळं झालं. त्र्यंबकच्या चार वह्या शेजारी होत्या, त्या मात्र कुणी पाण्यात टाकू दिल्या नाहीत. कापड वाळल्यावर विमलानं त्याचे चार रुमाल केले आणि कडा दुमडून शिवल्या.

दिवाळीत हंबीररावाच्या अंगणात कळंब्याच्या गाळाचा किल्ला उभा राहिला. अळीव पेरले, ते उगवले. आणि भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी, तीन वाजता, माळ्यावर सांगणाऱ्याच्या जागेवर गणपतराव मास्तर बसले. ठरलं होतं ते असं: हा गड तुळशीच्या लग्नाला मोडायचा. मग ज्याला सांगावंसं वाटेल तो नवा करेल, आणि कुणालाच वाटलं नाही तर नुसतं दूध पीत बसायचं.

त्र्यंबक प्रथमच समोरच्या बाजूला मांडी घालून बसला. त्यानं दरवाज्यावरचा पहारेकरी व्हायचं ठरवलं होतं. पोटात तो जुना गोळा होताच. तो इतक्यात जाणार नव्हता. कपाळ पुसायला त्यानं खिशातून रुमाल काढला.

मास्तरांनी तांब्या उचलला. पाणी पिताना तो दाताला लागून वाजला.

"मास्तर, तांब्या हालालाय," हंबीरराव लगेच म्हणाला.

"हो. भ्यालोय," मास्तर म्हणाले आणि तांब्या खाली ठेवला. "त्र्यंबक, संध्याकाळ झालीय. तू दार लावलंयस. बाहेरून थाप पडली. काय करतोस?"

त्र्यंबक दाराकडं बघत राहिला. अकरा वर्षं त्यानं प्रत्येक दाराबाहेर कोण उभं आहे ते आधी ठरवलं होतं, सगळ्यांच्या वतीनं, एकट्यानं. आज त्याला ठाऊक नव्हतं.

"बाहेर कोण आहे, मास्तर?"

"मला तरी कुठं माहीत अजून," मास्तर म्हणाले. "तू उघड. मग बघू सगळे."